ते टेकोडे नव्हते

अमरावतीत सबनीस सरांच्या घराला मागच्या बाजूनं लोखंडी जिना होता आणि जिन्याच्या वरच्या टोकाला माझी खोली. वसतिगृहात जागा नाही असं कळल्यावर बाबा मला घेऊन अकोल्याला परत निघाले होते. सरांनीच आम्हाला वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारात थांबवलं. मुलगी हुशार आहे, तिचं शिक्षण अर्ध्यावर सोडू नका, आमच्याकडे राहील, असं ते बाबांना म्हणाले. आमचा मळा अकोल्याबाहेर पातूरच्या रस्त्याला. वांगी, मेथी, टमाटे आणि बांधाच्या कडेनं शेवंती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांना सरांच्या शुद्ध, सावकाश बोलण्याचं फार अप्रूप वाटलं. बसमध्ये चढण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि देवमाणूस आहे, त्याईच्या शब्दाबाहेर जाऊ नको, एवढंच बजावलं. पुढे दर पंधरवड्याला अमरावतीच्या बाजारात येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून भाजीची थैली सरांच्या दारात यायची, वर शेवंतीचा पुडा. काकू तो पुडा देवापुढं ठेवत आणि उरलेल्या फुलांतलं एक मला वेणीत खोचायला लावत.

कुमुदकाकू सरांच्या पत्नी. माहेर भातकुलीकडचं, काळ्या जमिनीचं. सर पुण्याकडून नोकरीसाठी आलेले आणि इथंच राहिलेले. काकूंच्या तोंडी दोन भाषा होत्या. बैठकीत, सरांसमोर, पाहुण्यांसमोर त्या 'मला', 'तुला', 'करते आहे' असं जपून बोलत, पाण्यानं भरलेलं भांडं घेऊन चालावं तसं. स्वयंपाकघराचा पडदा ओलांडला की मोकळ्या होत. "मंदे, भाकर खाऊन घे व, गार होऊन राहिली," असं त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं आणि मला घरी आल्यासारखं झालं. सरांना साधं वरण, भात, अळूची पातळ भाजी लागायची. त्यांचं जेवण झालं, बैठकीतला रेडिओ सुरू झाला, की आम्ही दोघी ओट्याशेजारी जमिनीवर बसायचो. ज्वारीची भाकर, तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा, आंबाडीची भाजी, कधी तर्रीदार पाटवडी. बाहेर मोटर चालू असायची, टाकी भरून वाहायला लागली की शेजारून हाका यायच्या आणि काकू तोंडातल्या घासासकट धावायच्या. त्यांना मूल नव्हतं. त्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण सरांची बहीण पुण्याहून आली की काकू दिवसभर काही ना काही घासत, पुसत असायच्या आणि बैठकीतली भाषा स्वयंपाकघरातसुद्धा चालू ठेवायच्या. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या माझ्या खोलीत खाली सतरंजी टाकून झोपल्या होत्या. माझी आई माझ्या लहानपणीच गेली. मला त्या वर्षांत आई आठवायची ती काकूंच्या हातांची.

सर मूळचे कपाशीच्या रोगांचे अभ्यासक. अळिंबीकडे, म्हणजे मशरूमकडे, ते वळले ते उशिरा. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवसाहेबांच्या डोक्यात तेव्हा कॉलेजात अळिंबी केंद्र काढायचं घोळत होतं, आणि ते केंद्र सरांना हवं होतं. म्हणून प्रकल्पासाठी त्यांनी मला पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या छत्र्यांचा विषय दिला. त्यांच्यासाठी तो सोयीचा होता. मी मात्र त्यात पार बुडून गेले. आमच्या मळ्यात मी जन्मभर छत्र्या पाहिल्या होत्या आणि पायानं उडवल्या होत्या. त्यांना नावं असतात, नावांच्या वर वंश असतात आणि एका वंशातली छत्री दुसऱ्या वंशाचं सोंग घेऊन उभी राहू शकते, हे मला नवं होतं.

इथं जरा थांबून ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ज्यांना टेकोडे म्हणतात ते उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळावर उगवतात. शास्त्रात त्या वंशाला टर्मिटोमायसिस म्हणतात, नावातच उधई आहे. छत्रीला मधोमध टोक असतं, माती फोडून वर यायला. देठ ओढायला गेलं तर तो संपतच नाही, मुळासारखा खाली खाली जातो, थेट वारुळाच्या पोटात. खायला इतके गोड की पहिल्या पावसानंतर लोक सकाळी उठून आपापली ठरलेली वारुळं गाठतात. दुसरा वंश क्लोरोफायलम. हा गवतात उगवतो, हिरवळीवर, गोठ्यामागं, कधी वर्तुळ करून. पांढरी भरदार छत्री, वर तपकिरी खवले, देठावर एक कडं, बोटानं वरखाली सरकेल असं. देठ खाली नुसता जाडसर होऊन संपतो, मूळ नाही. दिसायला इतका देखणा की पाहताक्षणी खावासा वाटतो, आणि पोटात गेला की माणूस तासा-दोन तासांत आडवा होतो. कोवळा असताना छत्रीखालच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र असतात, त्यामुळं माणसं फसतात. खात्री करायची एकच रीत होती. देठ कापायचा, छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर पेला झाकायचा आणि वाट पाहायची. पट्ट्यांमधून बीजाणू गळतात आणि कागदावर ठसा उमटतो. टेकोड्याचा ठसा फिका गुलाबी. क्लोरोफायलमचा हिरवा. छत्र्यांच्या साऱ्या पसाऱ्यात हिरवा ठसा जवळपास कुणाचाच नसतो, म्हणून तेव्हाच्या पुस्तकांत हा वंश त्या एका खुणेवर वेगळा काढलेला होता.

आता तसं राहिलेलं नाही. डीएनए पाहून वर्गीकरण नव्यानं मांडलं गेलं आणि पांढऱ्या ठशाच्या काही छत्र्याही याच वंशात आणून बसवल्या. म्हणजे हिरवा ठसा आता त्या एका विषारी जातीची खूण राहिली, वंशाची नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी निवृत्त व्हायला आले होते. माझी दोन वर्षं ज्या खुणेपायी गेली ती खूण शास्त्रानं सहज उचलून दुसरीकडे ठेवली होती.

सचिवसाहेब आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे माईसाहेब म्हणत, यांना सरांनी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. रानातल्या टेकोड्यांची भाजी खिलवायची आणि केंद्राचं बोलणं पक्कं करायचं, असा बेत. आदल्या दिवशी सर आणि मी भातकुलीकडे काकूंच्या भावाच्या शेतावर गेलो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, असलेल्या वारुळावर टेकोडे मिळाले, पण थोडे. मी प्रत्येकाचा लांब देठ खणून काढला होता, हातांना काळी माती चिकटली होती, आणि मी फार खूश होते. काकूंनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. चार माणसांना पुरायचे नाहीत, एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी सर फिरून आले ते रुमालाची झोळी करून. कॉलेजच्या मागच्या हिरवळीवर त्यांना छत्र्या मिळाल्या होत्या, भरपूर, पांढऱ्या, ताज्या. ते इतके आनंदात होते की चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आले. मी एक हातात घेतली. देठावर कडं होतं. खाली मूळ नव्हतं. मी सरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, काही टेकोड्यांना कडं असतं, तू अजून फार थोडं पाहिलं आहेस. ते खोटं नव्हतं, काहींना असतं. पण मूळ तुटून राहिलं असेल म्हणाले, आणि तुटलेल्या देठाची जागा मला ठाऊक होती, ती अशी गोल आणि गुळगुळीत नसते. मी ठसा घेऊन पाहते, दुपारपर्यंत थांबू या, असं मी म्हणाले. सर हसले, मानेनं बरं म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी एक उमललेली छत्री वर माझ्या खोलीत नेली, कागदावर ठेवली, पेला झाकला आणि खाली आले. काकू कांदा चिरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कडं दाखवलं. "काकू, कालचेच टेकोडे करा. हे नका टाकू. ठसा आला की सांगतो मी," असं म्हटलं. त्यांनी एक छत्री उलटी करून पाहिली, वास घेतला. त्या शेतातच वाढलेल्या. "मलेबी हे काही टेकोडे वाटून नाई राहिले," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसून बैठकीत गेल्या. सरांचा आवाज मला पडद्यापलीकडून ऐकू आला. पाहुणे दारात यायची वेळ झाली आणि भाजी नाही असं मी त्यांना सांगू का, आणि कुणाच्या सांगण्यावरून, एका विद्यार्थिनीच्या? काकू परत आल्या. सगळ्या छत्र्या एकत्र धुतल्या आणि चिरायला घेतल्या.

सचिवसाहेब, माईसाहेब आणि सर जेवायला बसले. मलाही पाहुण्यांनी आग्रह केला, बसवलंच. मी पोळी आणि कोशिंबीर खाल्ली, भाजीला हात लावला नाही. माईसाहेबांनी विचारलं तेव्हा मी पोट बरं नाही म्हणाले. इतक्या माणसांत सरांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही आणि ठसा उमटायला अजून अवकाश होता. कारण काढून मी दोनदा वर जाऊन आले. पहिल्यांदा कागद कोरा होता. दुसऱ्यांदा पेला उचलला तेव्हा कागदावर रेघारेघांचं एक चाक उमटलं होतं, फिकट, शेवाळाच्या पाण्याच्या रंगाचं. मी जिना कसा उतरले आठवत नाही. पाहुणे हात धूत होते. मी काकूंना स्वयंपाकघरात कागद दाखवला. त्यांनी भाजीचं पातेलं उचललं, मागच्या दारी नेऊन उरलेली सगळी भाजी खड्ड्यात ओतली आणि वर माती लोटली. त्यांनी स्वतः अजून जेवण केलं नव्हतं. त्या बैठकीत जाऊन सरांच्या कानाशी वाकल्या. सरांचा चेहरा मी पाहिला. ते उठले, पाहुण्यांना सुपारी दिली आणि गाडीपर्यंत सोडायला गेले.

त्यांनी पाहुण्यांना काही सांगितलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तिघंही दवाखान्यात होते. सर आणि सचिवसाहेब सावरले, पण माईसाहेबांना मधुमेह होता, त्यांच्या अंगातलं पाणी इतकं गेलं की डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. मी ठशाचा कागद घेऊन दवाखान्यात गेले, डॉक्टरांना छत्रीचं नाव सांगितलं, ही सहसा जीव घेत नाही पण फार त्रास देते हेही सांगितलं. त्यांना त्याचा उपयोग झाला असं ते म्हणाले. माझं नाव विचारलं. सलाइनच्या बाटल्यांशेजारी सचिवसाहेबांची मुलं उभी होती. जिनं भाजीला हात लावला नाही आणि जिला छत्रीचं नाव पाठ आहे, ती मुलगी त्यांनी तिथं पहिल्यांदा पाहिली.

माईसाहेब वाचल्या. त्या घरी आल्यावर सचिवसाहेबांनी सरांच्याच बैठकीत आम्हाला बोलावलं आणि बाबांनाही निरोप धाडला. बाबा सकाळच्या गाडीनं आले, मळ्यातल्या मातीनं भरलेल्याच चपला घालून, खुर्चीच्या अगदी कडेला बसले. सरांचा आवाज अशक्त झाला होता. ते म्हणाले, "मंदाचा हा प्रकल्पाचा विषय. ओळख पटवण्याचं काम मी पूर्ण विश्वासानं तिच्यावर सोपवलं होतं. ती मुलगीच आहे, चूक होते. मी तिला दोष देत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, सर, मी तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं, ठसा येईपर्यंत थांबा म्हणून. सर म्हणाले, तसं तिला आता वाटत असेल. सचिवसाहेबांच्या मुलानं विचारलं, मग तू का खाल्लं नाहीस? मी कारण सांगू लागले, आणि सांगताना माझं मलाच कळलं की प्रत्येक वाक्यानं मी अधिक गुंतत चालले आहे. जिला ठाऊक होतं ती गप्प बसून जेवली, असंच ते ऐकू येत होतं.

तेव्हा मला काकू आठवल्या. त्या पडद्याशी उभ्या होत्या. मी म्हणाले, काकूंना विचारा, मी त्यांना स्वयंपाक करायच्या आधी सांगितलं होतं, त्या सरांशी बोलायला इथंच आल्या होत्या. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सचिवसाहेबांनी फार सभ्यपणे विचारलं, वहिनी, असं काही झालं होतं का?

काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आधी सरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी कामात होते. मला असं काही आठवत नाही," त्या म्हणाल्या. एकेक शब्द स्वच्छ, पुण्याचा.

बाबा उठले आणि सचिवसाहेबांपुढं हात जोडून उभे राहिले. पोरीकडून चूक झाली, पोटात घ्या, असं काहीतरी म्हणत होते. सर काय बोलले, काकू काय बोलल्या, यापेक्षा ते जोडलेले हात मला जास्त दिवस दिसत राहिले. माझा प्रकल्प त्याच दिवशी बंद झाला. मी वर जाऊन ट्रंक भरली. काकू जिन्याच्या खाली येऊन थांबल्याचं मला वरून कळलं, बांगड्यांचा आवाज आला होता. मी खाली उतरले तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

अकोल्याच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत बसले होते. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुनं खरंच सांगतलं होतं?" मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मंग त्या बाईनं काहून नाई सांगतलं?" उतरताना माझी ट्रंक त्यांनी मला उचलू दिली नाही. मी मोठी झाल्यावर तसं पहिल्यांदाच घडलं होतं.

पुढची दोन वर्षं मळ्यात गेली. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या, शेवंती खुडायची, दुपारी पडून राहायचं. अमरावतीहून आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं की केंद्र सरांनाच मिळालं. झाली गोष्ट एका मुलीच्या हलगर्जीपणाची म्हणून विभागात सांगितली जाते, हेही त्यांनी सांगितलं. मला सावध करायला म्हणून, आणि थोडं मजेनंही. बाबांनीच मला दुसऱ्या एका कॉलेजात नेऊन पुन्हा नाव घातलं. विषय मी वेगळा घेतला, गवतांचा. मग अकोल्यालाच शिकवत राहिले. आता पावसाळा लागला की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात, जुन्या विद्यार्थ्यांचे, त्यांच्या ओळखीतल्यांचे. मॅडम, हे टेकोडे आहेत का? मी फोटोवरून कुणालाही हो म्हणत नाही. देठ पूर्ण खणून दाखवा म्हणते, कागदावर ठेवा म्हणते. लोक कंटाळतात आणि कधी कधी फेकून देतात, ते मला चालतं.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. भाच्याच्या घरच्या लग्नाला अकोल्यात आल्या होत्या, पत्ता शोधत आल्या. गुडघे गेले होते, केस पार पांढरे. मी त्यांना आत घेतलं, बसवलं, चहा टाकला. त्यांनी माझ्या मुलांची नावं विचारली, बाबांचं विचारलं. ते नाहीत असं मी सांगितलं. त्या दिवसाबद्दल त्यांना विचारायचं असं ठरवून मी आयुष्यातली कितीतरी वर्षं मनात वाक्यं जुळवली होती, आणि त्यातलं एकही मला तेव्हा सापडलं नाही.

त्यांनीच सुरू केलं. "मले सगळं आठवत होतं, मंदे," त्या म्हणाल्या. "तू तं जाणारच होती. आज ना उद्या शिकून निंघून गेली असती. मले त्याच घरात राहायचं होतं."

मी म्हणाले, "मला माहीत आहे, काकू."

"मंग तुहा राग गेला का?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या, हातातला कप तसाच धरून. त्या वयाच्या बाईला हो म्हणणं सोपं होतं. मला त्यांच्याबद्दल कीवही वाटत होती, टायफॉइडमधला कपाळावरचा त्यांचा हातही आठवत होता.

"नाही," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली. "खरं सांगतलं, बरं केलं," म्हणाल्या, आणि निवलेला चहा घोटाघोटानं संपवू लागल्या.